चालीचा दाखला

टांगा हाकणाऱ्या खात्याला चाल म्हटलं की घोड्याची चालच आठवायची. माणसालाही चाल असते आणि कचेरीत तिची चौकशी होते, हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे पुढचा सगळा घोटाळा झाला, आणि घोटाळा झाला म्हणूनच पुढचं भलंही झालं.

काठी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्याचा पाडा होता. ऐन तरणेपणात तो बायकोला घेऊन कापूस वेचायला खाली उतरला. कापूस संपला, सोबतची माणसं परत डोंगरात गेली, पण खात्या गेला नाही. नंदुरबारच्या स्टेशनाबाहेर त्याने एक घोडी पाहिली होती. तांबूस अंगाची, कपाळावर बोटाने लावावा तसा पांढरा ठिपका. तिचा मालक नवलसिंग, म्हातारा रजपूत. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून त्याने ती नुकतीच आणली होती, आणि ती टांग्याला जुंपून घ्यायला तयार नव्हती. लाथा झाडत होती. खात्या जवळ गेला, तिच्या मानेखाली खाजवत उभा राहिला, तोंडाने डोंगरातली कसलीशी शीळ घालत राहिला. घोडी शांत झाली. नवलसिंग म्हणाला, "कोन्हा रे तू?" खात्याला त्याचं बोलणं नीट कळलं नाही. त्याने नुसतं हसून घोडीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून तो आणि बायको फुलीबाई नवलसिंगच्या तबेल्यातच राहिले.

घोडीचं नाव टिकली. तिची चाल होती रेवाल. म्हणजे घोडं ना चालतं, ना पळतं. पाण्यावरून होडी सरकावी तसं सरकतं. ही चाल बसायच्या घोड्याची. टांग्याला असली घोडी जुंपणं म्हणजे शालूने भांडी पुसण्यातला प्रकार. बाकीचे टांगेवाले हसायचे. मगन नावाचा एक होता, तोंडाचा फटकळ, तो तर रोज विचारायचा, "नवलसिंगबा, टांगा शे का पालखी? भोई कोठे गयात?" पण एकदा नवलसिंगच्या टांग्यात बसलेलं माणूस दुसऱ्या दिवशी तोच टांगा शोधायचं. 

पुढे नवलसिंगच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग छातीवर टांगा हाकायच्या परवान्याचा म्युनिसिपालटीचा पितळी बिल्ला लावून म्हातारा बाजूला बसायचा, आणि लगाम खात्याच्या हातात असायची. गावाला हे ठाऊक होतं. म्युनिसिपालटीलाही ठाऊक होतं, पण तिनेही तेवढ्यापुरता मोतीबिंदू पत्करला होता.

दिवाळी झाली आणि नवलसिंग गेला. जाण्याआधी त्याने खात्याला उशाशी बसवून घेतलं. "टिकली तुन्ही शे रे खात्या. तुन्हासंगेच ती ऱ्हाई. पन बिल्ला म्युनशिपालटीना शे. तो तुलेच मांगना पडी. मांगशी ना?"

"मांगसू, बा," खात्या म्हणाला. 

दहाव्याच्या आतच शिपाई येऊन बिल्ला घेऊन गेला. टांगा तबेल्यात उभा राहिला. घोडी उभी, खात्या उभा. फुलीबाई गवत कापून आणायची, तेही टिकलीलाच जायचं. सारंगखेड्याची यात्रा जवळ येत चालली तसे घोड्यांचे दलाल दारात डोकवायला लागले. एकजण टिकलीचे दात बघू लागला तेव्हा फुलीबाईने विळा हातात घेऊनच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. पण घोडी उभ्याने किती दिवस पोसणार? बिल्ला मिळाला तर टिकली राहणार. नाही मिळाला तर ती यात्रेत विकली जाणार, तिला कोणीतरी परका चालवून दाखवणार आणि हे दोघं डोंगर चढणार. इतकी सरळ गोष्ट होती.

बिल्ले देणारी टांगा कमिटी सोमवारी बसायची. अध्यक्ष डोंगरसिंग दादा, मोठे बागायतदार. पांढरी मिशी, पांढरं धोतर, वर काळा कोट. घोड्यांचा त्यांना फार नाद. शेजारी गावातले एक वकील, आणि कारकून भाईदास. वकिलांना कायदा हवा असे, भाईदासला घाई असे आणि डोंगरसिंग दादांना माणूस बघायचा असे.

कमिटीची रीत ठरलेली. आधी डोळे. खिडकीतून समोरच्या देवळाचा झेंडा दिसे. त्याचा रंग सांगायचा. खात्याच्या पुढचा माणूस छातीठोकपणे म्हणाला, "भगवा!" 

"नीट देख," दादा म्हणाले.

"भगवाच शे, दादा. मी कायम देखस."

"अरे, तो कालदिन पडी गया. आज नुसती काठी शे."

तो गेला, खात्या पुढे आला. झेंडा नाही, काठीवर एक होला बसलाय, असं त्याने सांगितलं. वकिलांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं, आणि मान हलवली.

दुसरा प्रश्न दारूचा. सगळे टांगेवाले ह्या प्रश्नाला कानाला हात लावायचे. "वासही माहीत नही," असं म्हणणाऱ्याच्या वासानेच भाईदासला खिडकी उघडावी लागायची. 

"दारू पेस का?" दादांनी विचारलं.

"पेस," खात्या म्हणाला.

भाईदासची लेखणी थांबली. वकील पुढे वाकले. 

"गावले गया म्हंजे पेस," खात्या सांगू लागला. "काठीनी होळीले. पहिले देवले, मंग माले. टिकली जुपेल व्हयनी म्हंजे नही."

"घोडीपाशी का नही?" दादांना गंमत वाटली.

"तिले वास आवडस नही."

दादा मिशीत हसले, पण वकील हसले नाहीत. "कबुलीच दिली की ह्यानं! अशा माणसाच्या हाती गावातल्या बायाबापड्या द्यायच्या? डोंगरातला माणूस, ना आगा ना पिछा. ह्याला ओळखतं कोण?"

नियम वकिलांच्या बाजूने होता. घाईत असलेल्या भाईदासने तोडगा काढला. "चालीचा दाखला आण. दोन भल्या माणसांचा. पुढच्या सोमवारी. चल, नेक्स्ट."

खरं तर म्हणायचं होतं चालचलणुकीचा दाखला. पण दिवसभर तेच ते म्हणून जीभ दमते; भाईदासने शब्दाची शेपटी कापली. खात्याने लवून रामराम केला आणि तो आनंदात घरी आला.

"काय म्हणाले?" फुलीबाईने आपल्या डोंगरच्या बोलीत विचारलं.

"टिकलीची चाल कशी आहे ते दोन चांगल्या माणसांनी येऊन सांगायचं. झालं काम!"

"तुझं काही नाही विचारलं?"

"विचारलं थोडं. पण शहाणी माणसं आहेत ती. टांगा घोडी ओढते, मी थोडाच ओढतो?"

फुलीबाईला हे पटलं. सारंगखेड्याला कोणत्याही जनावराचं पहिलं काय विचारतात? चाल कशी? मग म्युनिसिपालटीने तेच विचारलं तर त्यात नवल कसलं? प्रश्न एवढाच, की घोडीच्या चालीची पारख असलेली भली माणसं कोणती. खात्याने रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, विचार केला. ज्यांना धक्का सोसत नाही, त्यांनाच चाल कळणार.

पुढच्या सोमवारी कचेरीच्या ओट्यावर तो दोन बायांना घेऊन हजर झाला. एक शांतीबाई सुईण, दुसरी रुखमाबाई कुंभारीण. रुखमाबाईच्या काखेत एक भला मोठा माठ होता. मगनही आपल्या कसल्या तरी कामाला तिथे आला होता. त्याला नवाच विषय मिळाला.

"काय रे खात्या, बिल्ला लेवाले उना का पानी भराले? आनि ह्या दोन्ही कोन? तुन्हा वकील का?"

"मगन," शांतीबाई म्हणाली, "तुले मीच ह्या जगमा आनं. तोंड तव्हळच दाबी देवाले पाहिजे व्हतं."

ओट्यावरची माणसं खो खो हसली. मगन सुरतेकडच्या गाडीची वेळ झाली म्हणत बाहेर पडला.

आत भाईदासने हात पुढे केला. "दाखला?"

"हाई काय," खात्याने बायांकडे बोट दाखवलं.

"कागद कुठाय?"

"आम्हले लिव्हता येत नही, बापू," रुखमाबाई म्हणाली. "म्हनीसन माठ लई उनू." तिने तो थेट कमिटीच्या टेबलावर ठेवला. "हाऊ देखा. बाजारना दिन मन्हा माल ह्याना टांगामा जास. दुसरान्या टांगामा अर्धा माठ बाजारमा पोचतस, अर्ध्या खापऱ्या. टिकलीनी चालवर अजून एक फुटेल नही. वाजाडी देखा!"

डोंगरसिंग दादांनी खरंच माठावर टिचकी मारली. खणखणीत वाजला.

मग शांतीबाई. "डोहाळतुली बाईले दवाखानामा लई जानं म्हंजे मी टिकलीलेच बलावस. पोटमातलं लेकरू जागं व्हत नही अशी तिनी चाल शे. खड्डा उना म्हंजे हाऊ खाले उतरस, घोडीना लगाम धरीसन पायी चालस. आते ह्यानाथीन जास्त चाल काय सांगू?"

भाईदासच्या ध्यानात घोटाळा आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे बाबा, घोडीची चाल नव्हे! चाल म्हणजे... तुझी चाल! तू कसा वागतोस, ते! घोडीचा दाखला घेऊन काय म्युनिसिपालटी तिला बिल्ला लावणार आहे?"

वकील तोंडावर उपरणं धरून हसले. शिपाई हसला. बाया गोंधळून एकमेकींकडे पाहू लागल्या. खात्याला एवढंच कळलं की चूक झाली आणि ती आपली झाली. त्याने टेबलावरचा माठ दोन्ही हातांनी हळूच उचलला. 

"ठेव तो," डोंगरसिंग दादा म्हणाले. ते हसत नव्हते. "रेवाल शे का खरंच? टांगामा?"

"हा, दादा."

"भाईदास, पितळी पेला आन. काठोकाठ भर." ते उठले. "मी मांगे बठस. कचेरी ते ठेसन. पानी नही सांडनं तर चाल खरी."

"पण ह्याच्याकडे बिल्ला नाही," वकील म्हणाले. "बिनबिल्ल्यानं हाकणं गुन्हा आहे."

"मन्ही जबाबदारी. तुम्हीबी चला. कायदाबी संगे ऱ्हावो."

खात्याने धावत जाऊन तबेल्यातून टांगा जुंपून आणला, आणि तो असा निघाला. मागे डोंगरसिंग दादा, हातात काठोकाठ पेला. शेजारी वकील. पुढे खात्याजवळ अंग चोरून भाईदास. टिकली इतक्या दिवसांनी जुंपली गेली होती. तिने एकदा मान झटकली, कान टवकारले, आणि सुरू झाली. पेल्यातल्या पाण्यावर नुसती चुणी पडली, तीही विरली. दादांची नजर पेल्यावरून हलेना. बाजारपेठेतले खड्डे आले, दगडी मोरी आली. पाणी काठाशी येऊन आत गेलं. दुकानदार ओट्यांवर येऊन उभे राहिले. "दादा पेला लई कोठे चालनात?" "जावा दे रे, नवस व्हई!"

एवढ्यात मागून टापा. मगनचा टांगा. गाडी स्टेशनात शिरण्याआधी पहिला नंबर लावायचा, ही टांगेवाल्यांची रोजची शर्यत. "पालखीवाला, सरक!" असं ओरडत, चाबूक कडाडत तो खेटून पुढे गेला. धूळ उडाली.

डोंगरसिंग दादांच्या अंगात घोड्यांचा नाद एकदम उसळला. "अरे, तो गया ना! सोड तिले खात्या! हान!"

टिकलीने लगाम ओढली. तिलाही मागे राहणं खपेना. खात्याच्या मनगटात एक झटका येऊन गेला. पण हाती लगाम नव्हती, भरलेला पेला होता, असंच त्याने धरलं होतं. त्याने शीळ घातली. घोडी पुन्हा चालीवर आली.

वळणावर मगनच्या चाकाने एका बोरंवाल्या म्हातारीची टोपली उडवली. तो थांबला नाही. रस्ताभर बोरं. म्हातारीला कानाने कमी ऐकू येत असावं. ती रस्त्याच्या मधोमध बसून, पाठ ह्यांच्याकडे करून बोरं वेचू लागली. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला भिंत. भिंत आणि म्हातारी यांच्यात एक टांगा जेमतेम जाईल एवढी जागा होती. खात्याने ती पाहिली. टिकलीने तर ओळखलीच. त्याच चालीत, न थांबता, अलगद निघून जाता आलं असतं. पाण्याचा थेंब हलला नसता. पण बोरं त्या जागेतही सांडली होती, आणि म्हातारीचा हात कधी तिकडे जाईल याचा नेम नव्हता.

खात्याने लगाम खेचली. पूर्ण ताकदीने. टिकली जागच्या जागी थबकली. आणि पेल्यातलं पाणी, सगळंच्या सगळं, डोंगरसिंग दादांच्या कोटावर, धोतरावर आणि थोडं कायद्यावर सांडलं.

खात्याला सारंगखेड्याचं मैदान दिसलं, टिकलीला फिरवून दाखवणारा परका माणूस दिसला. संपलं. पण म्हातारी तर अजून रस्त्यातच होती. 

तो मागे वळला. "दादा, लगाम धरा." आणि उत्तराची वाट न पाहता लगाम डोंगरसिंग दादांच्या हातात देऊन खाली उतरला. म्हातारीसमोर बसला. तिने दचकून वर पाहिलं, घोडीचं नाक इतकं जवळ पाहून तिच्या ओंजळीतली बोरं पुन्हा सांडली. "वेच, आजी वेच, कोन्ही जात नही," म्हणत तो बोरं टोपलीत भरू लागला. भर बाजारात टांगा कमिटीचे अध्यक्ष ओल्या धोतराने लगाम धरून बसले होते. 

"दादा," भाईदास कुजबुजला, "बिल्ल्याशिवाय लगाम धरणं... तसा गुन्हा आहे."

"मंग लिही मन्हं नाव," दादा म्हणाले. "आनि खाले उतर. बोरं वेच."

भाईदास उतरला. दुकानदारही उतरले. टोपली भरली. म्हातारीने कृतज्ञतेने चार बोरं काढून नेमकी वकिलांच्या हातात ठेवली.

स्टेशनापर्यंत जायचं राहिलंच. टांगा कचेरीकडे वळला. 

कचेरीत शांतीबाई, रुखमाबाई आणि आता येऊन पोचलेली फुलीबाई ओट्यावर बसल्या होत्या. दादांचं धोतर पाहून रुखमाबाईने देवाचं नाव घेतलं. फुलीबाईने खात्याचा चेहरा पाहिला आणि दोघींना घेऊन त्याच्या मागोमाग आत आली.

दादा ओल्यानेच खुर्चीत बसले. भाईदासने लेखणी उचलली. "काय लिहू? पाणी सांडलं?"

"सांडनं तसं लिही. घोडीनी चाल वळणवर मोडनी." दादांनी कोटाची बाही पिळली. खाली थेंब पडले. "आनि आते दुसरी चाल लिही. खात्या, इकडे देख. तुले आम्ही इचारी ती चाल कोनती व्हती, कळनं का?"

"नही, दादा."

"पेला मन्हा हातमा. बिल्ला मन्हा हातमा. पानी सांडं तर बिल्ला गया, हाई तुले माहीत. जावाले वाट व्हती, तीबी मी देखी. तरी तू लगाम ओढी. का?"

खात्याला ह्या प्रश्नात काय अडलंय तेच कळेना. "म्हातारी व्हती ना, दादा."

"लिहिलं का, भाईदास?" दादा म्हणाले. "हाऊ त्याना चालना दाखला. सही मन्ही."

"दुसरं भलं माणूस?" भाईदासने नियमावर बोट ठेवलं. "दोन लागतात."

वकिलांच्या हातात अजून बोरं होती. त्यांनी एक तोंडात टाकलं, बी काढून खिडकीबाहेर फेकलं, आणि हात पुढे केला. "द्या इकडे कागद. दारूचं मात्र लिहा. फक्त काठीच्या होळीला."

"देवले पाजीसन," दादांनी पुरवणी जोडली. 

भाईदासने कपाट उघडून एक पितळी बिल्ला काढला. खात्याने तो दुरूनच ओळखला. टाचणी वाकलेली, कडा झिजलेल्या. नवलसिंगचा. डोंगरसिंग दादांनी स्वतः उठून तो त्याच्या सदऱ्याला लावला. वाकडी टाचणी लागेना. फुलीबाई पुढे आली, तिने ती दाताने सरळ केली आणि लावली.

"आनि भाईदास," दादा म्हणाले, "मगनले निरोप दे. पुढला सोमवारे त्यानीबी चालना दाखला लई ये म्हना. दोन भल्या माणसांना. बिल्ला ठेवाना का नही, ते मंग देखूत."

शांतीबाई इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "मी नही देवाव!" 

संध्याकाळची गाडी यायची होती. खात्याने टांगा बाहेर काढला. मागे फुलीबाई, शांतीबाई, रुखमाबाई, आणि रुखमाबाईच्या मांडीवर तो माठ. बाजारातून जाताना दुकानदार पुन्हा ओट्यावर आले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी टिकलीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती तिने वाकून लगेच खाऊन टाकली. बोरंवाल्या म्हातारीने काहीतरी ओरडून आशीर्वाद दिला. टांगा असा सरकत होता की वाटावं, रस्ताच मागे चाललाय.

स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागली होती. दादांचा निरोप मगनला वाटेतच मिळाला होता. बऱ्याच वर्षांत मिळाली नसेल अशी विश्रांती तोंडाला देऊन तो उभा होता. खात्याच्या छातीवर बिल्ला पाहून त्याने कसंबसं विचारलं, "काय रे, कोनती चाल पास झायी? तुन्ही का घोडीनी?"

खात्या विचारात पडला. उत्तर मागून फुलीबाईने दिलं. इतकी वर्षं खाली राहून ती लोकांसमोर कधी त्यांच्या बोलीत बोलली नव्हती. 

"दोन्ही!" ती म्हणाली. "तुन्ही सोमवारे देखूत."

गाडीची शिटी झाली. टांगेवाले फलाटाकडे धावले. खात्या जागेवरच बसून राहिला, आणि तरी त्याचा टांगा आधी भरला.

त्या साली काठीच्या होळीला तो गेला तेव्हा ढोलांच्या गजरात, मोरपिसांच्या टोपांत आणि घुंगरांत एक पितळी बिल्लाही नाचत होता. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी तो हातात घेऊन, उलटापालटा करून पाहिला. हे कशाबद्दल दिलं, असं त्यांनी विचारलं. 

"चालीबद्दल," खात्या म्हणाला, आणि होळीत पहिली धार देवाला सोडून, मग स्वतः प्याला.